आपण विचारलं कोणाला?



या अंकाचं संपादकीय एका फजितीपासून सुरू करते. फजिती माझीच आहे, त्यामुळे कोणाची परवानगी घ्यायची गरज नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही येवल्यात मारहाणीच्या प्रश्नावर एक निवेदन तयार केलं. सल्ला केंद्रात आलेल्या बायकांच्या नोंदवह्या काढल्या, दोन रात्री जागून बेरजा केल्या आणि निवेदनात ठळक अक्षरात लिहिलं, की तालुक्यातल्या बहुसंख्य विवाहित स्त्रिया नवऱ्याची मारहाण सोसतात. ते वाक्य माझं होतं. बैठकीत समोरच्या साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही विचारलं कोणाला?" केंद्रात आलेल्या बायकांना, मी सांगितलं. ते हसले. "म्हणजे दवाखान्याच्या रांगेत जाऊन मोजलंत, आणि म्हणताय अख्खं गाव आजारी आहे." निवेदन फायलीत गेलं. चहा आला.

परतताना सगळ्याजणी त्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या. त्यात चूक काही नव्हतं. त्या गृहस्थांना उत्तर नको होतं, कागद बाजूला सारायचा होता. पण प्रश्न बरोबर होता. एम.एस.डब्ल्यू.च्या पेपरात हाच प्रश्न मी घोकून लिहिला होता आणि त्यावर मार्कही मिळवले होते, हे आठवून मला जास्त लागलं.

आपल्याकडे 'संशोधन' म्हटलं की अनेक कार्यकर्त्या नाक मुरडतात. ते विद्यापीठातल्या लोकांचं काम, आपण लढायचं, असं म्हणतात. तरीही आपलं प्रत्येक पत्रक, प्रत्येक निवेदन आकड्याशिवाय पुढे सरकत नाही. मग तो आकडा आला कुठून, हे आपणच तपासायला नको का? विरोधक तपासतो तेव्हा तो आकडा दुरुस्त करायला तपासत नाही, बाईचं म्हणणंच खोटं ठरवायला तपासतो.

माझ्या त्या वाक्यात नेमकी गफलत काय होती, ते पाहू. केंद्राची पायरी चढते ती बाई कोण? जिला माहेरचा थोडा आधार आहे, जिच्याकडे एस.टी.चे पैसे आहेत, किंवा जिच्यावर इतकी वेळ आली आहे की आता काय व्हायचं ते होवो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाचीही मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम १४ टक्के. म्हणजे शंभरातल्या शहाऐंशी जणी आपल्या वहीत कधी येणारच नाहीत. येतात त्यांच्यावरून न येणाऱ्यांचं काहीच ठरवता येत नाही, ना संख्या, ना मारहाणीचं स्वरूप, ना कारण. आपली वही खोटी नाही. ती 'मदत मागायला आलेल्या बायकांची' वही आहे, 'तालुक्यातल्या बायकांची' नाही. निवेदनात मी पहिलीला दुसरी म्हटलं.

त्याच पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. माझ्या 'बहुसंख्य'पेक्षा हा आकडा कमी. पण दर दहा घरांत तीन घरं म्हणजे काही कमी नाही! आकडा फुगवायची गरजच नव्हती. खरा सांगितला असता तर साहेबांना हसायला जागा राहिली नसती.

आणि तो आकडा कसा मिळवला, हे आपण शिकण्यासारखं आहे. 'तुमच्यावर अत्याचार होतो का?' असं तिथे विचारत नाहीत. एकेक कृती विचारतात: थप्पड मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, ढकललं का, काही फेकून मारलं का, लाथ मारली का, गळा दाबला का. कारण 'अत्याचार' हा शब्द आपला आहे, शिबिरातला आहे. 'मारहाण नाही हो, कधीमधी एखादी ठेवून देतो' असं म्हणणाऱ्या बाईच्या हिशेबात ती मारहाण नसतेच. एका घरातून एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारतात, ती निवडही चिठ्ठी टाकल्यासारखी होते, आणि एकांत मिळाला तरच विचारतात. एकांत नाही तर तो भागच गाळतात. आपण मात्र ओसरीवर सासू बसलेली असताना, पोरं दारात उभी असताना फॉर्म भरले आहेत. बाईनं 'तसं काही नाही बाई आमच्यात' म्हटलं की आपण 'नाही'वर खूण करून पुढच्या दारी गेलो. ते 'नाही' कोणी ऐकत असताना म्हटलं, याला फॉर्मवर रकाना नव्हता.

या संदर्भात मला नेहमी गडचिरोलीचं काम आठवतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवरचा लेख १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी किमान एक आजार होता, सरासरीनं एकेकीला ३.६ आजार. हे आकडे आपल्या भाषणांतून खूप फिरले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते दोन लहान आकडे. या स्त्रियांपैकी याआधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आणि काहीही तक्रार नाही असं म्हणणाऱ्या ४५ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हा अभ्यास केला असता तर त्या आठ टक्क्यांपलीकडे कोणी दिसलंच नसतं. नुसत्या तोंडी प्रश्नांवर केला असता तर निम्म्याच्या आसपास बायका 'निरोगी' ठरल्या असत्या. गावात जाऊन, तक्रार असो वा नसो, तपासणी केली म्हणून चित्र उभं राहिलं. अर्थात तपासणीला यायचं की नाही हे बाईच ठरवते, आणि दुखणं असलेली बाई येण्याची शक्यता जास्त. हा प्रश्न असल्या प्रत्येक अभ्यासाला विचारावा लागतो, आपल्या आवडत्या अभ्यासालाही. त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे. स्त्रियांनी वापरायची गर्भनिरोधकं आणि हे आजार यांचा संबंध दिसला, पण त्यानं एकूण आजारांचा थोडासाच भाग उलगडतो, असं लेखकांनी स्वतःच नोंदवलं. त्या काळात या साधनांविरुद्ध आपली चळवळ पेटलेली होती. तिथे 'सगळं यामुळेच' लिहून टाकणं किती सोपं होतं!

आता येवल्यात येते. इथल्या गल्ल्यांतून दुपारी फिरलं की मागाचा ठोका ऐकू येतो. पैठणी विणणारा किंवा विणणारी मागावर असते, आणि जवळच कोणीतरी रहाटावर कांड्या भरत असते. बहुतेक वेळा सासू, सून किंवा शाळेतून आलेली मुलगी. तिला विचारलं, 'काय काम करता?' की ती म्हणते, 'काही नाही, घरीच असते.' हात रहाटावरच असतो! ती खोटं बोलत नाही. 'काम' म्हणजे ज्याची मजुरी हातात पडते ते, हा घरानं तिला शिकवलेला अर्थ आहे. स्त्रीसंघटनांनी आणि अभ्यासकांनी धरून लावल्यावर १९९१च्या जनगणनेत शेतातलं आणि घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं काम हे शब्द प्रश्नातच घालण्यात आले. देशव्यापी वेळ-वापर पाहणीत तर 'काम करता का' हा प्रश्नच बाजूला ठेवून दिवसाच्या चोवीस तासांत काय काय केलं ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशेबानं लिहून घेतात. २०२४च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोजचे २८९ मिनिटं त्यात गेली, पुरुषांची ८८. बाईला 'काम' शब्दाची व्याख्या विचारण्यापेक्षा सकाळी उठल्यापासूनचं विचारावं. सगळं आपोआप येतं.

पण मागाच्या बाबतीत आमची आणखी एक चूक होता होता राहिली. बारीक जर, रेशमाची तार, तासन् तास खाली वाकून नजर लावणं, यानं बायकांचे डोळे आणि पाठ जाते असं आम्हाला वाटत होतं. पाहणी करायची ठरली. एका मैत्रिणीनं सुचवलं, माग असलेल्या घरांत जाऊ आणि विणणाऱ्या बायकांना डोळ्यांचं, पाठीचं विचारू. कागद तयार झाला. तेवढ्यात गटातल्याच एक वयस्क मावशी म्हणाल्या, "अगं, जिचे डोळे गेले ती मागावर कशी सापडेल तुम्हाला? ती तर चुलीपाशी बसलेली असेल." आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आज मागावर असलेली बाई म्हणजे जिला हे काम अजून झेपतंय ती. ज्यांना झेपलं नाही त्या गळून गेल्या. नुसत्या आजच्या विणकरणींना विचारलं असतं तर कदाचित असा निष्कर्ष निघाला असता, की पैठणी विणणाऱ्या बायकांची दृष्टी इतर बायकांपेक्षा बरी असते! आणि तो निष्कर्ष व्यापाऱ्याच्या फार उपयोगी पडला असता. या चुकीला पुस्तकात लांबलचक नाव आहे. मावशींना ते माहीत नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

म्हणून आता यादी करायची ती 'गेल्या दहा वर्षांत कधीही मागावर बसलेल्या' सगळ्यांची, काम सोडलेल्यांसकट. शिवाय त्याच गल्लीतल्या, त्याच वयाच्या, कधीच माग न शिवलेल्या बायकाही हव्यात. चाळिशीनंतर जवळचं दिसणं तर सगळ्यांचंच कमी होतं, रेशीम असो वा नसो. तुलनेला कोणी नसेल तर वयाचा दोष आपण मागाच्या माथी मारू.

तुलनेवरून बीडचं आठवतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ही गोष्ट २०१९ साली देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनानं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. लगेच शेजारी दुसरा आकडा ठेवला गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचं प्रमाण ३.२ टक्के होतं. तफावत एवढी मोठी आहे, की काहीतरी भयंकर घडलंय यात मला शंका नाही. पण अभ्यास म्हणून विचारलं तर हे दोन आकडे एका तराजूत बसत नाहीत. एकीकडे पंधरा वर्षांच्या अविवाहित मुलीही धरलेल्या, दुसरीकडे कष्टाच्या कामावर असलेल्या बायका. कोयत्याला जोडीनं जायचं म्हणून लग्न लवकर, मुलं लवकर, नसबंदी लवकर. मग पिशवी काढायला कारण काय झालं? ऊसतोड? खाडा पडला की दंड लावणारा मुकादम? लवकरचं लग्न? की 'कॅन्सर होईल' अशी भीती घालणारा खाजगी दवाखाना? आणि ऑपरेशनच्या खर्चासाठी उचल घेऊन त्या पायी पुन्हा ऊसतोडीला जावं लागलेली बाई असेल, तर तिच्या बाबतीत आधी काय आणि नंतर काय? हे वेगळं करायचं तर त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, तेवढ्याच गरीब पण ऊसतोडीला न जाणाऱ्या बायका शेजारी उभ्या कराव्या लागतील, आणि प्रत्येकीला ऑपरेशनचं साल विचारावं लागेल. ही काथ्याकूट नाही. कारण मुकादम असेल तर मागणी कामगार खात्याकडे करायची, दवाखाना असेल तर आरोग्य खात्याकडे. कारण चुकलं तर मोर्चा चुकीच्या दारात जातो.

एक बारीक गोष्ट जाता जाता. दिवाळीनंतर अशा गावात पाहणीला गेलात तर ऊसतोडीच्या बायका सापडणारच नाहीत. त्या फडावर असतात.

आता थोडं कडू बोलते, मैत्रिणी रागावतील. बचतगटांचे अहवाल दरवर्षी माझ्याकडे येतात. 'गटात आल्यामुळे मारहाण कमी झाली' हे वाक्य जवळजवळ प्रत्येकात असतं. पुरावा काय, तर गटातल्या बायकांत मारहाण कमी आणि गटाबाहेरच्यांत जास्त. पण गटात येते कोण? जिला घरून मीटिंगला जाऊ देतात ती. ज्या घरात बाईला उंबरठा ओलांडायची चोरी आहे, तिथली बाई गटात येणारच नाही. मग मारहाण कमी आहे म्हणून ती गटात आली, की गटात आली म्हणून मारहाण कमी झाली? ज्यांनी मार खाऊन गट सोडला त्या तर आपल्या हिशेबात बाहेरच्यांत जमा! यातून बचतगट निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः तीन गट उभे केले आहेत. पण गट सुरू होताना वस्तीतल्या सगळ्याजणींची माहिती घेऊन ठेवली, दोन वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा विचारलं, आणि सोडून गेलेल्यांना गटातच मोजलं, तरच त्या वाक्याला पाय फुटतील. तोवर ते आपल्या मनातलं आहे, एवढंच.

अलीकडे एक नवा मोह आलाय. मोबाईलवर फॉर्म पाठवा, आठवड्यात हजार उत्तरं. नाहीतर नवरात्रात कोटमगावच्या जगदंबेच्या यात्रेत टेबल टाका, दिवसभरात पाचशे. हजार म्हटलं की आपल्याला धीर येतो. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं निवडणुकीचा अंदाज काढायला एक कोटी मतपत्रिका वाटल्या, चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या. अंदाज निघाला लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यांत. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि गाडी होती त्यांचं मत म्हणजे देशाचं मत धरलं गेलं, आणि परत पाठवायची तसदी घेणारेही वेगळेच निघाले. आपल्या देशात २०१९-२१मध्ये स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया होत्या ५४ टक्के. यात्रेत कोण भेटेल, ते तुम्हीच सांगा.

त्यापेक्षा दोनशेच घरं घ्या, पण घरं तुमच्या मर्जीनं निवडू नका. गल्लीची यादी करा, पहिलं घर चिठ्ठीनं काढा, तिथून दर दहावं घर. दार बंद असेल तर शेजारचं घर घेऊ नका. हे सर्वांत अवघड जातं, कारण ऊन असतं, पाय दुखत असतात आणि शेजारच्या काकू चहाला बोलावत असतात. पण दुपारी बारा वाजता कुलूप कोणाच्या दाराला? जी कांदा लागवडीला टोळीबरोबर गेली आहे तिच्या. शेजारच्या काकूंना विचारून आपण मजुरी करणारी बाई काढून टाकतो आणि घरी असणारी घालतो. संध्याकाळी पुन्हा जायचं, तिसऱ्यांदा जायचं, आणि तरीही भेटली नाही तर तसं लिहायचं. किती जणी भेटल्या नाहीत हा आकडा अहवालात लपवायचा नाही.

कोणी विचारायला जायचं, हेही ठरवावं लागतं. ज्या गावानं १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा ऐकली, त्या गावात कोणत्या वस्तीत कोणाच्या तोंडून प्रश्न आला यानं उत्तर बदलतं, हे मी वेगळं सांगायला नको. मी माझं आडनाव सांगितलं की काही घरांत खुर्ची पुढे येते आणि बोलणं मागे जातं. पाहणी करणाऱ्या मुली सर्व वस्त्यांतल्या हव्यात, आणि कोणत्या घरात कोण गेली होती त्याची नोंद हवी, म्हणजे उत्तरांत फरक पडला का ते नंतर पाहता येतं.

काहीजणी म्हणतील, इतकी तपासणी करत बसलो तर अन्याय झालेल्या बाईच्या पाठीशी उभं कधी राहायचं? तिच्या पाठीशी उभं राहायला आकडा लागतच नाही. एका बाईला मार बसला, तर ती एकच बाई पुरेशी आहे. केंद्राची वही त्यासाठीच आहे. आकडा लागतो तो तालुक्याला पोलीस ठाण्यात किती महिला कर्मचारी हव्यात, निवारा किती खाटांचा हवा, हे मागताना. या दोन कामांची मी गल्लत केली होती.

विणकर बायकांच्या पाहणीचं काम संक्रांतीनंतर सुरू करायचं ठरलंय. आधी नाही, कारण पतंगांच्या त्या तीन दिवसांत येवल्यात कोणी घरात सापडत नाही, सगळं गाव गच्चीवर असतं. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा तयार आहे. तो आधी आपल्या गटाबाहेरच्या दहाबारा बायकांना विचारून पाहायचाय, कोणता प्रश्न कळत नाही ते समजायला. अडचण एकच उरली आहे: ज्यांनी माग सोडला आणि सोडून येवलंही सोडलं, त्या शोधायच्या कशा? काहीजणी लेकीकडे नाशिकला, काही मुंबईकडे गेल्या असं कळतं, पण पत्ते नाहीत. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत अशी कोणी असेल तर तिला विचारून, तिची हरकत नसेल तरच, आम्हाला कळवा. पाकिटावर 'माग' एवढंच लिहा. आत काय आहे ते टपाल उघडणाऱ्या घरच्या माणसाला कळायची गरज नाही.